कुत्रा गेल्यावर काय काय करायचं असतं

आमचा भुऱ्या मागच्या वर्षी ज्येष्ठात गेला. गावठी, १३ वर्षांचा. रात्री पावणेदोन वाजले होते, बाहेर धो धो पाऊस, आणि घरात मी, आई नि पायरीवरून उचलून आत आणलेलं त्याचं ते २२ किलोचं अंग. माणूस गेलं की पुढे काय ते साताऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शेजारचे चार काका न बोलावता येऊन उभे राहतात, कोणी सामान आणायला पळतो, कोणी पाहुण्यांना फोन लावतो. कुत्रा गेला की मात्र हातात मोबाईल घेऊन नुसतं बसायचं. कोणाला उठवायचं?

त्या रात्री आणि पुढच्या तीन-चार महिन्यांत चुकतमाकत जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते. ज्यांचा पहिलाच कुत्रा आहे आणि तो आता थकलाय, किंवा नुकताच गेलाय, त्यांच्यासाठी. आत्ताच गेला असेल तर पहिला भाग सोडा, थेट दुसऱ्यावर या.

१. अजून वेळ हातात असेल तर

कॅलेंडर घ्या, भिंतीवरचंच. रोज रात्री त्या तारखेवर एक खूण करा: दिवस बरा गेला तर बरोबर, वाईट गेला तर फुली. बरा म्हणजे काय हे आधी ठरवून ठेवायचं. त्याच्या आवडीच्या पाच गोष्टी लिहून काढा. भुऱ्याच्या होत्या: गेटशी बसणं, चारचं बिस्किट, पोस्टमनवर भुंकणं, दहीभात, आणि आईच्या साडीच्या निऱ्यांत तोंड खुपसून झोपणं. याच्या जोडीला वेदना, पाणी पिणं, उठता येणं, शी-शूवर ताबा, श्वासाला लागणारी धाप हेही बघा. अमेरिकेतल्या अ‍ॅलिस व्हिलालोबोस या पशुवैद्य डॉक्टरांनी अशाच मुद्द्यांना गुण देण्याची एक पद्धत बसवली आहे आणि जगभरातले डॉक्टर ती वापरतात. कॅलेंडर लागतं ते एवढ्यासाठी, की रोज जवळ असणाऱ्याला उतार दिसत नाही. एक दिवस शेपूट हलली की मागचे नऊ दिवस आपण विसरतो. मी विसरले होते.

फुल्या वाढायला लागल्या की डॉक्टरांशी त्रास न होता मरण देणाऱ्या इंजेक्शनबद्दल बोला. हा शब्द घरात कोणालाच काढायचा नसतो, म्हणून कोणीतरी एकाने काढावा. आमच्या समोरच्या घरच्या लॅब्राडोरच्या वेळी मी बरोबर गेले होते, त्यामुळे काय होतं ते सांगू शकते. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात. पाच-दहा मिनिटांत कुत्रा गाढ झोपतो. मग पुढच्या पायाच्या शिरेत सुई लावून भुलीच्या औषधाचा मोठा डोस देतात, आणि श्वास व हृदय काही मिनिटांत थांबतं. तीन गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. डोळे उघडे राहतात. लघवी सुटू शकते. आणि सगळं थांबल्यावरही एखादा मोठा श्वास घेतल्यासारखं होतं किंवा पाय फडफडतो. ते स्नायूंचं असतं, त्याला काही कळत नसतं. समोरच्या वहिनी त्या एका श्वासाने ‘अहो, तो आहे अजून’ म्हणून किंचाळल्या होत्या. त्यांना कोणी आधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांना विचारून घ्या: घरी येऊन करतील का, गुंगीचं औषध आधी देतात ना, आपल्याला शेवटपर्यंत जवळ बसू देतील का. पैसे आधीच चुकते करा. नंतर डोळे पुसत पुसत क्यूआर कोड स्कॅन करायची वेळ येऊ देऊ नका.

२. पहिले काही तास

आधी खात्री करा. डाव्या कोपरामागे, छातीवर तळहात दोन मिनिटं ठेवा, पोट वरखाली होतंय का बघा, डोळ्याच्या बुबुळाला कापसाने हलकेच स्पर्श करून पापणी हलते का बघा. शंका असेल तर डॉक्टरांना व्हिडिओ कॉल करा, रात्र असली तरी.

मग लगेच करायचं काम म्हणजे पाय दुमडणं. दोन-तीन तासांत अंग ताठ व्हायला लागतं. पाय लांब पसरलेले राहिले तर नंतर ना चादरीत नीट गुंडाळता येतं, ना गाडीत बसतं, ना खड्ड्यात. तो झोपताना जसं वेटोळं करायचा तसाच ठेवा. खाली प्लास्टिक, त्यावर वर्तमानपत्रांची जाड घडी, त्यावर जुनी चादर. तोंडातून आणि मागून थोडा द्रव येतोच, घाबरू नका. डोळे मिटायचा प्रयत्न एकदा करा, मिटले नाहीत तर सोडून द्या.

सकाळपर्यंत ठेवायचं असेल तर घरातली सगळ्यात थंड फरशी शोधा, एसी असेल तर लावा. पाण्याच्या बाटल्या गोठवून, फडक्यात गुंडाळून पोटाशी नि मानेशी लावा, कारण पोट आधी फुगतं. आणि मुंग्या! हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात तासाभरात रांग लागते. आईने देव्हाऱ्याखालची लक्ष्मणरेषेची खडूकांडी आणली आणि भुऱ्याभोवती रेघ ओढली. एकदा पुसट झाली म्हणून पुन्हा ओढली. त्या रात्रीचं मला सगळ्यात स्पष्ट तेवढंच आठवतं: आई गुडघ्यावर बसून, एका हाताने पदर सावरत, सावकाश रेघ ओढतेय.

चोवीस तासांच्या आत निरोप द्यायचा हे धरून चाला. उन्हाळ्यात त्याच्याही आधी.

एक सावधगिरी. जायच्या आधी काही दिवस वागणं अचानक बदललं असेल, लाळ गळत असेल, जबडा लटकला असेल, विनाकारण चावत असेल, किंवा काही महिन्यांत भटका कुत्रा चावला असेल, तर रेबीजची शंका धरा. उघड्या हातांनी शिवू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका, मृतदेहाचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. ज्यांना तो चावला असेल, ओरखडला असेल किंवा ज्यांच्या जखमेला, डोळ्याला, तोंडाला लाळ लागली असेल त्या सगळ्यांनी त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. लेप्टोने (लघवीतून माणसालाही लागणारा आजार) गेला असेल तर लघवी पुसताना हातमोजे घाला, फरशी ब्लीचने धुवा. रडायला पुढे वेळ आहे.

३. मातीत की अग्नीत

स्वतःची जमीन असेल तर पुरता येतं. शेत, फार्महाऊस, गावचं परसू, काहीही. भाड्याच्या घराची बाग किंवा सोसायटीची मोकळी जागा मात्र आपली नसते. टेकडी, नदीकाठ, वनखात्याची जमीन हीही नाही, कितीही निवांत वाटली तरी.

खड्डा किमान चार फूट. आम्ही भुऱ्याला मामेभावाच्या शेतात, कोरेगावच्या अलीकडे नेलं. काळी माती, वर पाऊस, खड्ड्यात पाणी साचायला लागलं, आणि अडीच फुटांवर आम्ही दोघंही दमलो. ‘बास की ताई,’ म्हणाला. बास केलं. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन: रात्री कुत्र्यांनी उकरायला सुरुवात केलीय. मग तो बिचारा एकटा ट्रॉलीभर दगड आणून रचत बसला. तेव्हा चार म्हणजे चार. पावसाळा असेल तर उंचवट्यावरची जागा बघा, विहीर, बोअर, ओढा यांपासून लांब. सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत नीट कुजत नाही. वर थोडी माती, मग चुना, मग उरलेली माती दाबून, आणि सगळ्यात वर जड दगड.

इंजेक्शन दिलेलं असेल तर खोल पुरणं किंवा जाळणं याला पर्याय नाही. ते औषध शरीरात राहतं, आणि असं शरीर उघड्यावर पडलं तर ते खाणाऱ्या घारी, गिधाडं, कुत्री मरू शकतात.

शहरात बहुतेकांना दहनच करावं लागतं. मुंबईत महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला पाळीव आणि भटक्या प्राण्यांसाठी गॅसवरची दाहिनी सुरू केली आहे. बाकी शहरांत कुठे महापालिकेची सोय असते, कुठे प्राणिमित्र संस्थेची, कुठे खासगी. सगळ्यात खात्रीची माहिती आपल्या डॉक्टरांच्या कंपाउंडरकडे मिळते. त्याला आधीच विचारून नंबर मोबाईलमध्ये ठेवा. फोन केल्यावर तीन प्रश्न: दहन एकट्याचं की इतरांबरोबर? अस्थी मिळतात का? न्यायला गाडी येते की आपण आणायचं? मेलेली जनावरं उचलणाऱ्या गाडीत कुत्रा दिलात तर पुढे काय होतं ते गाडीवाल्यालाच स्पष्ट विचारा, आणि उत्तर पटलं तरच द्या.

राख झाडाला घालायची असेल तर मूठ-दोन मूठच, भरपूर माती नि शेणखतात कालवून. नुसती राख खारट असते, रोप जळतं.

४. ‘कुत्र्याचं काय करायचं असतं?’

हा प्रश्न आईने शेजारच्या गुरुजींना विचारला. ते म्हणाले, ‘सुतक नाही. मनाला वाटेल ते करा.’ मग आम्ही तेच केलं. आंघोळ केली, दिवा लावला, तेराव्या दिवशी आईने दहीभात कालवून गल्लीतल्या कुत्र्यांना घातला.

कोणी ‘हे काय नवीन फॅड’ म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. आपल्याकडे दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. खंडोबाबरोबर कुत्रा असतो. पितृपक्षात पान वाढताना श्वानबळी बाजूला काढतात. महाप्रस्थानात युधिष्ठिराने कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार दिला. आणि आमच्या साताऱ्यात तर संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी, थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून महाराजांना वाचवलं म्हणून त्याला पालखीचा मान दिला होता, अशी कथा सांगतात. लहानपणापासून मी तिथून शंभरदा गेले असेन. भुऱ्यानंतर पहिल्यांदा थांबले.

५. कळवायचं आणि बंद करायचं

हे काम कोरडं आहे, पण राहिलं तर मागाहून टोचतं. डॉक्टरांकडे कळवा, नाहीतर आठ महिन्यांनी ‘तुमच्या भुऱ्याची रेबीज लस ड्यू आहे’ असा मेसेज येतो. मला आला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये. महापालिकेचा परवाना काढला असेल तर तो रद्द करून घ्या. विमा असेल तर मुदतीत दावा करावा लागतो, त्यासाठी डॉक्टरांकडून मृत्यूचं पत्र लगेच मागा. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर तिची नोंद बदला. खाण्याची ऑनलाइन ऑर्डर दर महिन्याला आपोआप येत असेल तर थांबवा. दूधवाल्याला जास्तीची पिशवी बंद सांगा. उरलेली न उघडलेली औषधं डॉक्टरांना विचारून एखाद्या निवाऱ्याला द्या, फिट्सची किंवा वेदनेची औषधं मात्र घरात पडू देऊ नका.

६. घड्याळ

आता खरं अवघड. मला वाटलं होतं भुऱ्याची आठवण फोटो बघून येईल. फोटो बघून काहीच झालं नाही. झालं ते पहाटे साडेपाचला, कडी काढताना, कारण कडीच्या आवाजाबरोबर नखांचा टकटक आवाज आला नाही. मग अकराला पोस्टमन कोणाच्याही विरोधाशिवाय पत्र टाकून गेला. चारला चहाबरोबर मी पार्ले-जीचा पुडा फोडला आणि पहिलं बिस्किट खाली धरलं. रात्री साडेनऊला भावाची गाडी वळणावर आली आणि घरात कोणीच उठलं नाही.

कुत्रा घरातल्या वेळांत राहत असतो. म्हणून दुःखालाही त्याच वेळा असतात, आणि हे एकदा कळलं की निदान तयारीत राहता येतं.

कागदावर त्याच्या वेळा लिहा. आमच्या चार होत्या, तुमच्या सहा असतील. मग एकेका वेळेचं काय करायचं ते ठरवा. फिरण्याची वेळ शक्यतो सोडू नका. त्याच रस्त्याने जायला नको वाटलं तर उलट दिशेने जा, पण बाहेर पडा, कारण आतापर्यंत तुमचंही फिरणं त्याच्यामुळेच होत होतं. पहिल्या आठवड्यात वाटेवर चार जण विचारणार, ‘आज एकटेच?’ एक वाक्य तयार ठेवा. ‘गेला तो, मंगळवारी.’ एवढं पुरतं. चारचं बिस्किट मी आता कोपऱ्यावरच्या काळ्याला देते. साडेनऊचं काही केलं नाही. भाऊ म्हणाला, राहू दे ती रिकामी. राहिली.

रात्री नखांचा आवाज ऐकू येणं, कोचापाशी सावली दिसल्यासारखं होणं, हे पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळांना होतं. वेड लागलेलं नसतं. कान १३ वर्षांचे सवयीचे असतात.

भांडी आणि अंथरूण पहिल्याच दिवशी उचलू नका. मी उचललं. सकाळी सातला, खड्ड्याहून परत आल्या आल्या, सगळं धुऊन माळ्यावर टाकलं, जणू परीक्षा संपल्यावरची वह्या-पुस्तकं. दुपारी आई त्या रिकाम्या कोपऱ्यापाशी बराच वेळ उभी होती, काही बोलली नाही. घरातल्या सगळ्यांना विचारून उचला. एका माणसाचं आवरणं दुसऱ्याला पुसून टाकल्यासारखं वाटतं.

अपराधीपणा सगळ्यांनाच येतो. इंजेक्शन दिलं त्यांना घाई केल्याचा, माझ्यासारख्या न दिलेल्यांना उशीर केल्याचा. भुऱ्याने शेवटचे दोन दिवस पाणीसुद्धा घेतलं नव्हतं आणि मी ‘उद्या बघू’ म्हणत राहिले. याला एक उपाय लागू पडला. पंधरा दिवसांनी प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं, काय लक्षात यायला हवं होतं? त्यांनी रिपोर्ट काढून सरळ सांगितलं: किडनी निकामी झालेली होती, दोन महिने आधी आणला असता तरी फार काही हाती नव्हतं, पण शेवटचे दोन दिवस टाळता आले असते. अर्धं ओझं उतरलं, अर्धं राहिलं. राहिलं ते खरंच माझं होतं, त्यामुळे ते सोसणं सोपं गेलं.

लोक ‘कुत्रंच तर होतं’ म्हणतील. समाज ज्याला दुःख म्हणून मान्यता देत नाही, त्याबद्दल केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये पुस्तकच काढलं. पण मावशीशी वाद घालायला ते उपयोगी पडत नाही, मी करून पाहिलं. ज्यांचं कुत्रं गेलंय अशा एकाच माणसाला फोन करा, तो मध्ये तोडणार नाही. ऑफिसला ‘घरात दुःखद घटना’ एवढं लिहून रजा टाका, तपशील द्यायला तुम्ही बांधील नाही.

महिना-दीड महिना होऊनही झोप, जेवण, काम काहीच रुळावर येत नसेल तर मदत घ्या, आणि जगण्यात अर्थ नाही असं वाटायला लागलं तर तेवढा वेळही थांबू नका. टेली-मानस ही सरकारची हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. कुत्र्यासाठी फोन केला म्हणून कोणी हसत नाही.

७. घरातले बाकीचे

मुलांना ‘गेला’, ‘मेला’ हेच शब्द सांगा. ‘झोपवलं’ म्हटलं की चार वर्षांचं पोर रात्री झोपायला घाबरतं, आणि ‘गावाला पाठवला’ म्हटलं की दर सुट्टीत विचारतं. बघायचं असेल तर बघू द्या, एखादं फूल, एखादा चेंडू सोबत ठेवू द्या.

घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला मृतदेहाचा वास घेऊ द्या. नंतर तो शोधत फिरतो, दाराशी बसतो, कमी खातो. त्याच्या वेळा आहेत तशाच ठेवा. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरकडे न्या, कारण पहिल्याचा आजार त्यालाही लागलेला असू शकतो.

म्हाताऱ्या माणसांकडे जास्त लक्ष द्या. दिवसभर घरात त्यांच्याशी बोलणारा तोच एक असतो.

८. दुसरा आणायचा का?

तेराव्याच्या आतच कोणीतरी पिल्लाचा फोटो पाठवेल. उत्तर देऊ नका. घरातल्या प्रत्येकाने हो म्हटल्याशिवाय आणायचं नाही, एवढाच नियम. त्याला तीन आठवडे लागोत की तीन वर्षं.

वैद्यकीय अट मात्र एक आहे. आधीचा पार्व्होने (कुत्र्यांना होणारा, उलट्या-जुलाबांचा जीवघेणा संसर्ग) गेला असेल तर तो विषाणू घरात महिनोन् महिने आणि अंगणातल्या मातीत वर्षभरही टिकतो. फरशी आधी साबणाने धुवा, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात घालून दहा मिनिटं राहू द्या. मातीवर असा इलाज चालत नाही. जुनं अंथरूण, लाकडी भांडी, चघळायची खेळणी टाकूनच द्या. आणि आणायचंच असेल तर लसी पूर्ण झालेला मोठा कुत्रा आणा, लहान पिल्लू नको.

नवीन आलेल्याला जुन्याचं नाव देऊ नका. आमच्याकडे या संक्रांतीला ढमी आली, एका डोळ्याभोवती काळा डाग, पार्ले-जी आवडत नाही. आई अजून दिवसातून दोनदा तिला भुऱ्या म्हणून हाक मारते आणि जीभ चावते. ढमी दोन्ही नावांना येते.